साखर उतरण्याआधीची वीस मिनिटं

मधुमेही माणसाच्या दंडावरच्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरवर आत्ता 110 दिसतंय, म्हणजे डेसिलिटरला 110 मिलिग्रॅम. बरं आहे ना? पुढच्या रांगेतून दोघं-तिघं 'हो' म्हणाले. मी मात्र शेजारचा, साखर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण बघितल्याशिवाय बोलणार नाही. बाण आडवा असेल तर ठीक. तो सरळ खाली वळला असेल आणि साखर मिनिटाला 2 ने उतरत असेल, तर वीस मिनिटांत तुम्ही 70 वर. त्याच्या खाली गेलं की हायपो, म्हणजे साखर धोक्याइतकी कमी. 54 च्या खाली मेंदूचीच उपासमार सुरू होते. माणूस गोंधळतो, आणि आपण गोंधळलोय हे त्याला कळत नाही. काहींना तर घाम, थरथर ही आधीची लक्षणंही जाणवेनाशी होतात. म्हणून आधी कळायला हवं.

आता गंमत बघा. दंडावरच्या सेन्सरची ती केसासारखी तार रक्तात जातच नाही. ती कातडीखाली, पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते. रक्तातला बदल तिथं उमटायला पाच-दहा मिनिटं लागतात. साखर वेगानं घसरत असेल तर तुम्ही बघताय तो 110 शिळा आहे. रक्तात एव्हाना 95 असेल. म्हणजे भाकिताचा बराचसा जोर 'आत्ता'पर्यंत पोचण्यातच खर्च होतो!

सगळ्यात साधं भाकीत म्हणजे शेवटच्या काही आकड्यांतून रेघ ओढायची आणि ती पुढे न्यायची. वीस मिनिटांसाठी ही रेघ बऱ्यापैकी चालते. पण तिला इन्सुलिनची खबर नसते. जेवणाआधीचा डोस चाळीस मिनिटांपूर्वी घेतला असेल तर उतार अजून वाढणार. चार तास झाले असतील तर त्याचा जोर ओसरत आलेला असतो. 110 तोच, बाण तोच, पुढची गोष्ट वेगळी. संध्याकाळी पळून आलात तर स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात, ते आणखी निराळं.

मला खरी अडचण वाटते ती पुढेच. दर पाच मिनिटांनी एक, असे दिवसाला 288 आकडे येतात. 2019 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार बहुतेक प्रौढांमध्ये 70 खालचा वेळ 4 टक्क्यांहून कमी असावा, म्हणजे जेमतेम अकरा आकडे. 'हायपो होणार नाही' एवढंच घोकणारं भाकिताचं मॉडेलही 96 टक्के बरोबर ठरेल! त्यामुळे कुणी नुसती अचूकता सांगितली की मी विचारतो, आठवड्याला खोटे अलार्म किती? झोपेत दंडाखाली सेन्सर दाबला गेला तरी आकडा घसरतो. रात्री तीनला अलार्म वाजतो, बोट टोचलं तर 104. असं तीनदा झालं की चौथ्या रात्री माणूस आवाज बंद करून झोपतो. त्याला दोष कसा देणार?

शरीरात इन्सुलिन सोडत राहणाऱ्या पंपाचं गणित निराळं. टँडम कंपनीच्या 2018 मधल्या बेसल-आयक्यू या पंप-प्रणालीमध्ये, पुढच्या तीस मिनिटांत साखर 80 खाली जाईलसं दिसलं की पंप इन्सुलिन थांबवतो, कुणाला न उठवता. अंदाज चुकला तर थोडं इन्सुलिन हुकतं, झोप नाही. म्हणून पंपानं भित्रं असावं. माणसाला उठवणाऱ्या अलार्मला ते परवडत नाही.

मघाशी कुणीतरी विचारलं होतं, 15 ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावरही सेन्सर खालीच का दाखवतो? तोच उशीर, आता उलट्या बाजूनं. रक्त सावरलेलं असतं, तारेला अजून पत्ता नसतो. घाबरून पुन्हा खाल्लंत तर तासाभरात 250. पंधरा मिनिटं थांबा आणि बोट टोचून बघा.