परतीची रात्र

मित्रहो, सुट्टी संपते, शिडाच्या बोटीत सामान भरलं जातं आणि मुलांना घेऊन, एक अख्खी रात्र मोकळ्या समुद्रात काढून घरचं बंदर गाठायचं असतं. आज मी बोलणार आहे ते या एका रात्रीबद्दल.

जाताना आपण मोकळे असतो. वारा पसंत पडला नाही तर आणखी एक दिवस नांगर टाकून बसतो. परतताना मात्र सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं, मुलांची शाळा उघडणार असते. मग हवामानाचा जो अंदाज जाताना आपण नाकारला असता, तोच परतताना 'चालेल' वाटू लागतो. कुटुंबाच्या परतीच्या प्रवासात मला लाटांपेक्षा या तारखेची भीती जास्त वाटते. म्हणून पहिला निर्णय किनाऱ्यावरच घ्यावा: सुट्टीचे शेवटचे दोन दिवस राखीव ठेवायचे आणि त्यांच्यावर कोणताही बेत आखायचा नाही.

दुसरा हिशेब उलटा मांडायचा. कधी निघायचं यापेक्षा कधी पोहोचायचं, हे आधी ठरवा. समजा अंतर 90 सागरी मैल आहे आणि बोट सरासरी 5 नॉटनं, म्हणजे तासाला 5 सागरी मैल, चालते. म्हणजे 18 तास. सकाळी 7 वाजता बंदराच्या तोंडाशी यायचं तर आदल्या दिवशी दुपारी 1 ला निघायला हवं. ही वेळ मला फार सोयीची वाटते. पहाटेच्या अंधारात किनारा जवळ येतो तेव्हा दीपगृहं ओळखता येतात. किती सेकंदांनी प्रकाश येतो हे घड्याळावर मोजायचं आणि नकाशाशी ताडून पाहायचं. बंदरात शिरताना मात्र उजाडलेलं असतं. अंधारात शहराच्या झगमगाटापुढे बंदराचे लाल-हिरवे दिवे हरवून जातात. अनोळखी बंदरात तर रात्री शिरूच नये.

अंधार पडण्याआधी काही कामं उरकायची. मोठं शीड दिवस असतानाच एका टप्प्यानं आखडून घ्यायचं, वारा सौम्य असला तरी. थोडा वेग जाईल, पण मध्यरात्री डोलकाठीपाशी जाऊन दोरांशी झटावं लागणार नाही. सगळ्यांनी गरम जेवून घ्यायचं. ज्याला बोट लागते त्यानं गोळी निघण्याआधीच घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आणि सूर्य मावळला की प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आणि सुरक्षेचा पट्टा, पट्ट्याचा हूक बोटीला अडकवलेला. आमच्या घरात हा नियम लहानमोठ्या सगळ्यांना सारखा आहे: दुसरं मोठं माणूस जागं असल्याशिवाय कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची जागा, सोडून पुढे कुणीही जायचं नाही. खाली झोपलेल्या तिघांना वर एकटं असलेलं माणूस पाण्यात पडल्याचं कळणारसुद्धा नाही. रात्रीच्या प्रवासातलं माझ्या लेखी सगळ्यात मोठं संकट हेच.

दोन मोठी माणसं असतील तर तीन-तीन तासांची पाळी बरी पडते. खरी कसोटी पहाटे तीन ते पाच. शरीर त्या वेळी झोप मागतंच. त्या वेळची पाळी ज्याची असेल त्याला संध्याकाळी लवकर झोपवा आणि ती झोप मोडू नका. केबिनमध्ये दिवा लावायचाच तर मंद लाल लावा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतानं ती मेहनत वाया जाते.

आता जहाजांविषयी, इथे जरा थांबतो, कारण मुलांना सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथे. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. समोरून लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले आणि वरचे दोन पांढरे दिवे एकाखाली एक आले, तर ते जहाज सरळ आपल्या दिशेनं येतंय. 20 नॉटनं चालणारं जहाज तीन मिनिटांत एक सागरी मैल कापतं. सहा मैलांवर दिसलेला दिवा अठरा मिनिटांत अंगावर येऊ शकतो, आपणही त्याच्याकडे जात असू तर त्याहून लवकर. म्हणून दर दहा मिनिटांनी पूर्ण क्षितिज फिरून पाहायचं, शिडामागची बाजूसुद्धा.

मुलाच्या हातात होकायंत्र द्या आणि त्या दिव्याची दिशा दर दोन मिनिटांनी मोठ्यानं वाचायला सांगा. आकडा बदलत राहिला तर बहुधा ठीक. आकडा तोच आणि दिवा मोठा होत चालला, तर टक्कर होऊ शकते. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हीच कसोटी दिली आहे. त्या नियमांनुसार मोकळ्या समुद्रात इंजिनाच्या जहाजानं शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते. पण त्यानं आपल्याला पाहिलंय हे गृहीत धरून बसू नका. रेडिओवर बोला, आणि शंका असेल तर लवकर आणि ठळकपणे दिशा बदला. इंजिन चालू करून बोट पुढे नेऊ लागलात, की शीड वर असलं तरी नियमानं तुम्ही इंजिनाची बोट ठरता. तेव्हा दिवेही बदलायचे असतात.

मघाच्या हिशेबाकडे येतो. वारा छान लागला आणि बोट 6 नॉटनं धावली, तर तेच 90 मैल 15 तासांत संपतील आणि पहाटे 4 ला, मिट्ट काळोखात, तुम्ही बंदराबाहेर असाल. घर समोर, सगळे दमलेले, आणि 'जाऊ या आत' असं वाटण्याचा हा क्षण. त्या मोहात न पडता उजाडेपर्यंत बोट बाहेरच थांबवून ठेवा: किनारा अजून बराच दूर असताना, जहाजांच्या वाटेपासून बाजूला, पुढचं शीड वारा येतो त्या बाजूला ओढून बांधा, सुकाणू वाऱ्याकडे वळेल असं धरून बांधा. बोट शांत होते आणि हळूहळू वाऱ्याखाली, म्हणजे वारा वाहतो त्या दिशेला, सरकत राहते; म्हणून वाऱ्याखालच्या बाजूला मोकळं पाणी भरपूर हवं. पहारा चालूच ठेवायचा. आणि किनाऱ्यावर ज्या माणसाला पोहोचण्याची वेळ सांगून ठेवली आहे, अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर तटरक्षकांना कळव असं ज्याला बजावलं आहे, त्याला संपर्क होताच नवी वेळ कळवायची.