पाच तीळ आणि दुसरा भाग

कूलर बंद करू नका, मीच मोठ्यानं बोलतो. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून साहित्यावर बोलणारा माणूस श्रोत्यांचा वैरी. मागच्या रांगेत तुषार उडत असतील तर ते व्याख्यानातच धरा.

विषय पत्रिकेत छापलाय: ‘निवासी शाळेतल्या किशोर रहस्यकथेचा दुसरा भाग’. घरी विचारलं, पहिल्या भागावर कोण बोललं होतं? कुणीच नाही. पहिला भाग लिहिता येतो हो. फाटक, घंटा, हजेरी, दिवे मालवायची वेळ, एवढं असलं की रहस्य आपसूक उभं राहतं. रात्री नऊला कुलूप लागलं, सकाळी सहाला निघालं, मधल्या वेळात वस्तू गेली. चोर आतलाच. बाकीच्या रहस्यकथांना ज्यासाठी शंभर पानं लागतात ते काम इथे वॉर्डनची किल्ली एका ओळीत करते. पंचाईत होते ती पुढे. वाचकाला नकाशा पाठ झालेला असतो, मेसच्या मागची कोणती खिडकी ढकलली की उघडते तेही त्याला ठाऊक असतं. मग लेखक नवा मुलगा आणतो आणि नवी चोरी घडवतो. पहिल्या भागात एवढं मोठं कांड झालं, अन् पोरं उन्हाळ्यानंतर पेट्या घेऊन अशी येतात की जसं काही झालंच नाही. माझी तक्रार इथे आहे. ती सांगायची तर आमच्या होस्टेलची एक गोष्ट सांगावी लागेल. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मला दिसलं. छोटी आहे गोष्ट.

मी आठवीत होतो. गाव विदर्भातलंच, नाव घेत नाही, कारण तिथले दोघे जण मला समोर बसलेले दिसताहेत. एका खोलीत अकरा खाटा, खाटेखाली पत्र्याची पेटी. संक्रांतीनंतर आईनं तिळाचे पंचवीस लाडू पाठवले, डब्यात नाही, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून. होस्टेलात गेलेला डबा परत येत नाही हा तिचा अनुभव. माझ्या पेटीत जागा नव्हती, म्हणून गाठोडं पेटीमागे भिंतीला लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर लाडू चार. गाठ जशीच्या तशी, फडकं मात्र फाटलेलं. चोर घाईत होता, असा निष्कर्ष मी काढला.

तेव्हा मी वाचनालयातल्या सगळ्या हेरकथा संपवल्या होत्या, त्यामुळे तपास माझ्याकडेच येणार हे उघड होतं. ठसे घ्यावेत म्हणून खाटेखाली टाल्कम पावडर शिंपडली. सकाळी ठसे उमटले, अगदी सुबक. माझेच होते. रात्री पाणी प्यायला उठलो होतो. पण मग शेजारच्या मुलाच्या उशीवर मला तीळ सापडले. पाच तीळ. ते मोजले, पुडीत बांधले, पुडीवर ‘पुरावा क्र. १’ लिहिलं. आणि रात्री मेसमध्ये, वाढप चालू असताना, उभं राहून त्याचं नाव घेतलं.

तो कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. घरून त्याला कधी काही येत नसे, आणि मी तोच गुन्ह्याचा हेतू ठरवला होता. तीळ कुठून आले? आदल्या संध्याकाळी मीच त्याला एक लाडू दिला होता. उशीवर डोकं टेकवून, पुरवून पुरवून खाल्ला त्यानं. हे मला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं असतं तरी थांबलो असतो का, सांगता येत नाही. साठ पोरांची पंगत माझ्याकडे पाहत होती. वॉर्डननं त्याला दोन छड्या मारल्या. पहिला भाग समाप्त.

उन्हाळ्यात चुना मारायला पेट्या हलवल्या तेव्हा माझ्या पेटीमागच्या भिंतीत बीळ निघालं. बिळात धोतराच्या चिंध्या, गुळानं चिकट झालेल्या. घूस! आता नागपुरात घूस म्हटलं की आधी हापिस आठवतं. ही ती नाही, हिला चार पाय होते. (हशा.)

नववीत खाटा हजेरी क्रमांकानं मिळाल्या, म्हणजे पुन्हा तोच शेजारी. घुशीची बातमी चौकीदारानं होस्टेलभर केली होती. मी काही बोललो नाही. तोही नाही. फक्त रोज संध्याकाळी पेटी उघडताना तो ती फिरवून तिचं तोंड माझ्याकडे करायचा आणि म्हणायचा, “पाहून घे बे.” रागानं नाही. पंखा लाव म्हणावं तसं. दोन सदरे, एक पँट, कंपासपेटी, तडा गेलेला आरसा, आणि झाकणाला आतून चिकटवलेला बैलजोडीचा फोटो. वर्षभर रोज पाहिली मी ती पेटी.

आता माझा मुद्दा. शहरातल्या रहस्यकथेत निर्दोष ठरलेला संशयित कथेबाहेर निघून जातो. वसतिगृहात तो जात नाही. तो संध्याकाळी तुमच्या शेजारी बसून वरणभात खातो. दुसरा भाग त्याचा असतो, आणि आपण तो नव्या चोराला देऊन टाकतो.

चिठ्ठी आली: ‘सात मिनिटे’. म्हणजे जाहीर केलेलं व्याख्यान आता सुरू होतंय. (हशा.) भराभर सांगतो.

हॅरी पॉटर तुमच्या नातवंडांनी वाचलाय, म्हणून तोच घेतो. पहिलं पुस्तक १९९७चं. त्यात शाळेच्या आवाराचा राखणदार हॅग्रिड जाता जाता सांगतो की मला तिसऱ्या वर्षी शाळेतून काढलं. का, असं विचारल्यावर विषय बदलतो. वाचक ते विसरतो. १९९८च्या दुसऱ्या पुस्तकात कळतं की पन्नास वर्षांपूर्वी एका मुलीच्या मृत्यूचं बालंट त्याच्यावर आलं होतं, आणि तेव्हापासून तो त्याच शाळेच्या कडेला झोपडीत राहतोय. राक्षस, भुयार वगैरे सगळं आहे, पण त्या पुस्तकाची कळ मला विचाराल तर हीच. पहिल्या भागात टाळलेलं एक उत्तर.

मराठीत आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बन्या, पुण्याच्या विद्याभवनच्या वसतिगृहात राहणारा. भागवतांनी दुसरी वाट धरली. शाळा हा बन्याचा पत्ता, गोष्ट मात्र बाहेर, कधी प्रतापगडावर, कधी आणखी कुठे. त्यामुळे बन्याला वय चिकटत नाही आणि मागचं ओझंही नाही. मालिकेला ही युक्ती झकास. पण ‘ट्टॉक’ करून सायकलवर निघून जाणं बन्याला शोभतं, प्रत्येक हिरोला नाही.

तिसरं, आपल्याच दाराशी असलेलं घबाड. जवाहर नवोदय विद्यालयं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा. १९८५-८६मध्ये प्रयोग म्हणून पहिली दोन उघडली, त्यातलं एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. सहावीत प्रवेश, बहुतेक पोरं खेड्यातली. आणि नियम पाहा: नववीतली ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या मुलखातल्या नवोदयात पाठवतात. अहो, रहस्यकथाकाराला आणखी काय पाहिजे? आठवीत गुन्हा झाला, एकमेव साक्षीदार नववीत हिंदी मुलखात, आणि त्याच्या जागी आलेल्या मुलाला तुमच्या शाळेतलं काहीच माहीत नाही, म्हणून तो नेमके तेच प्रश्न विचारतो जे बाकी सगळे टाळताहेत. हे कुणीतरी लिहा. मी वाट पाहतोय.

वयाचा मुद्दा राहिला. आवाज फुटतात, मैत्री तुटते, तेराव्या वर्षीचा गुप्त संकेत चौदाव्या वर्षी लाज आणतो, एवढ्यावर समजून घ्या. आणि आपल्याकडे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, तोवर तिकडचा चोर तिसऱ्या प्रकरणात पोचलेला असतो, हेही लक्षात ठेवा.

हॉल आठला रिकामा करायचा आहे. प्रश्नाची एकच चिठ्ठी दिसते. ‘त्या मुलाची माफी मागितली का?’

नाही. दहावीत तो परत आला नाही. त्याच्या खाटेवर हिंगणघाटचा एक मुलगा आला, तो पेटीला दोन कुलपं लावायचा.