वरचं दूध तोडताना

आज आलेल्या मेंढपाळांपैकी बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे. जुळ्यातलं दुबळं कोकरू, आईला पान्हा कमी, म्हणून बाटली लावली. आता ते दोन-अडीच महिन्यांचं झालं तरी माणसाच्या मागे ओरडत फिरतं. घरात कोणी म्हणतं, साठ दिवस झाले, बंद करा. कोणी म्हणतं, लेकरू आहे, राहू द्या. माझं सांगणं असं, की तारखेपेक्षा कोकराचं पोट बघा.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी शेवटचा कप्पा सगळ्यांत मोठा असतो. ते दूध चोखतं तेव्हा आत एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटाला, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या कप्प्याला, टाळून थेट त्या शेवटच्या कप्प्यात उतरतं. म्हणून कितीही दूध पाजलं तरी कोटीपोट तयार होत नाही. ते तयार होतं दाण्यानं. भरडलेला मका, तुरीची चुनी आत आंबते, तिच्यातून आम्लं सुटतात आणि त्यांतल्या ब्युटिरिक आम्लामुळे कोटीपोटाच्या अस्तराला बारीक अंकुर फुटतात. चाऱ्यातलं पोषण पुढे हेच अंकुर ओढून घेतात. कुटारानं, म्हणजे सुक्या भुशानं, पोट ताणून मोठं होतं, तेही हवंच. पण नुसत्या कुटारावर ठेवलेलं कोकरू पोटानं मोठं आणि पाठीनं वाळकं राहतं.

आणि पाणी! दूध पितंय तर वेगळं पाणी कशाला, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण दुधातलं पाणी कोटीपोटात पोचतच नाही, आणि तिथल्या जिवाणूंना पाण्याशिवाय वाढता येत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून गोठ्यात स्वच्छ पाण्याचं उथळ घमेलं आणि मूठभर खुराक ठेवा. कोपऱ्यात बांबू बांधून वीतभर फट सोडली, की कोकरू आत शिरतं आणि मेंढी बाहेरच राहते. एरवी तो खुराक तीच फस्त करते.

दूध तोडायला कोकरू तयार झालं का, हे बघायला संध्याकाळी त्याच्याजवळ शांत बसा. एक गोळा मानेतून वर तोंडाकडे सरकतो, जबडा आडवा फिरत राहतो, मग ते गिळतं, क्षणभर थांबतं आणि पुन्हा गोळा वर येतो. असं निवांत रवंथ दिसलं, दिवसाचा पाव किलोच्या आसपास खुराक सलग तीन-चार दिवस संपला आणि वजन जन्माच्या तिपटीवर गेलं, तर बाटलीची गरज संपली. तीन किलोचं जन्मलेलं कोकरू नऊ किलोचं व्हायला हवं.

बंद करताना दुधात पाणी वाढवत नेऊ नका. त्यानं पोट भरतं, पोषण मिळत नाही आणि कोकरू दाण्याकडेही वळत नाही. दूध नेहमीसारखंच ठेवून वेळा कमी करा. आधी दुपारची बाटली काढा, चार-पाच दिवसांनी सकाळची. दिवसभर भूक राहिली की ते आपसूक दाण्याला तोंड लावतं. संध्याकाळची शेवटी काढा, कारण जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांच्या खाली जाते. कोकराला आईपासून तोडायची मात्र गरज नाही. फक्त तिची कास हातानं तपासा. एखादा सड कडक, गरम लागला तर आधी त्याचा इलाज करा.

जंताचं औषध, लस आणि दूध बंद करणं एकाच आठवड्यात उरकू नका. या वयात रक्ती हगवण लवकर गाठते. लेंड्या पातळ झाल्या तर ताज्या लेंड्या डबीत घालून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला आणा, अंदाजानं औषध पाजू नका. गाईम्हशींचं तांबं असलेलं खनिज मिश्रणही मेंढरांना नको. शेळीला ते बऱ्यापैकी सोसतं, पण मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एके दिवशी लघवी लाल-काळी होऊन चांगलं वाढलेलं जनावर दगावतं.

नर कोकराबद्दल एवढं सांगतो. बाटलीवर वाढलेल्या नराला माणसाची भीती उरत नाही. मुलं कौतुकानं त्याचं कपाळ ढकलतात, ते मागे सरून टक्कर देतं आणि सगळे हसतात. वर्षभरात तोच नर मोठ्या माणसालाही आडवा पाडतो. बाटली सुटली, की त्याला कळपातल्या मोठ्या मेंढ्यांबरोबर चरायला सोडा, आणि थोपटायचंच असेल तर हनुवटीखाली थोपटा.