चिठ्ठी कोणी उचलली?

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘फुटबॉलची तिकिटे आणि सोडतीचे गणित’ असा छापला आहे. त्यातला ‘गणित’ हा शब्द वाचूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याचे सगळे श्रेय मी फुटबॉलला देतो. आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले, पण स्वेच्छेने आलेला वर्ग मला आजच पाहायला मिळतो आहे. समोर मिरजेची मंडळी बसली आहेत आणि मागच्या रांगेत कोल्हापूरहून आलेले काहीजण दिसत आहेत. ज्यांनी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण या कोल्हापुरी संघांचा सामना उन्हात उभे राहून पाहिला आहे, त्यांना फुटबॉल समजावून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मला बोलायचे आहे ते मैदानात पाऊल ठेवण्याआधी प्रेक्षकाशी जो खेळ खेळला जातो, त्याविषयी. माझे म्हणणे असे आहे की सोडतीत आपले नाव निघाले नाही, याचा राग प्रेक्षक सहज पचवतो. सोडत कशी झाली आणि कोणी केली हे त्याला कोणी सांगत नाही, तेव्हा मात्र तो बिथरतो आणि त्याचे बिथरणे रास्त असते.

२०२६ च्या विश्वचषकाचे उदाहरण घ्या. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील १६ शहरे, ४८ संघ आणि १०४ सामने. ११ डिसेंबर २०२५ ते १३ जानेवारी २०२६ या काळात तिकिटांच्या सोडतीसाठी अर्ज मागवले गेले आणि तब्बल ५० कोटींहून अधिक तिकिटांची मागणी आली, असे फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने अभिमानाने जाहीर केले. स्पर्धेची एकूण तिकिटे ७० लाखांच्या आसपास. कोणीही भागाकार करून सांगेल की सत्तरात एकाला तिकीट मिळणार. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे उत्तर लिहिले असते तर मी त्याला शून्य गुण दिले असते. ५० कोटी ही तिकिटांची मागणी आहे, माणसांची संख्या नव्हे; एका अर्जदाराला एका सामन्यासाठी चार आणि संपूर्ण स्पर्धेसाठी ४० तिकिटांपर्यंत मागणी करता येत होती. दुसरीकडे ७० लाखांतली बरीच तिकिटे आधीच्या टप्प्यांत विकली गेलेली, काही प्रायोजकांची, आणि प्रत्येक सामन्यातील दोन्ही संघांच्या राष्ट्रीय संघटनांसाठी प्रत्येकी आठ टक्के राखीव. उरलेली किती, कोणत्या सामन्याची, कोणत्या श्रेणीची, याचा तक्ता अर्ज भरणाऱ्याच्या हाती नाही. म्हणजे अंशही माहीत नाही आणि छेदही माहीत नाही, तरी अपूर्णांकावर विश्वास ठेवा, असा हा आग्रह आहे.

यातली गंमत पुढे आहे. कोणता संघ कोणत्या गटात खेळणार याची सोडत ५ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये झाली. काचेची भांडी, त्यांतले चेंडू, ते उघडणारे नामवंत खेळाडू, आणि सगळे जग दूरचित्रवाणीवर पाहत असलेले. संघांच्या सोडतीत संशयाला जागा राहू नये, म्हणून एवढा थाट. त्याच स्पर्धेच्या प्रेक्षकांची सोडत मात्र बंद खोलीतल्या संगणकात होते आणि तिचा निकाल ई-मेलने येतो. काही जणांना तर आधी बँकेचा पैसे कापल्याचा संदेश मिळतो आणि मग कळते की आपण जिंकलो. आपल्या गावात सरपंचपदाचे आरक्षण ठरवताना तहसीलदार गावकऱ्यांसमोर चिठ्ठ्यांच्या घड्या करतात, त्या बरणीत टाकतात आणि शाळेतल्या एखाद्या लहान मुलीला एक चिठ्ठी उचलायला सांगतात. निकाल पसंत नसलेला माणूस बाहेर येऊन नशिबाला शिव्या देतो, तहसीलदारांना नव्हे. निदान फार देत नाही.

आता रद्द झालेल्या तिकिटांकडे वळतो, आणि इथे मला माझी स्वतःची एक कथा सांगावी लागणार आहे. अध्यक्षांनी ती यापूर्वी ऐकली आहे. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी आपल्या राज्यातल्या एका मोठ्या शहरात निमंत्रित संघांची एक फुटबॉल स्पर्धा होती. संयोजकांचे नाव घेत नाही, कारण ते घेतल्याने आपला काही फायदा नाही आणि माझे नुकसान होण्याची शक्यता आहे. तिकिटे ‘निवड प्रक्रियेने’ मिळणार होती. माझ्या भाच्याने अर्ज केला आणि अंतिम सामन्याची चार तिकिटे लागली. मी, भाचा आणि मिरजेचे दोन मित्र, चौघांच्या जागा ओळीने १४, १५, १६ आणि १७. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण झाले, राहण्याची सोय झाली, भाच्याने कार्यालयातून रजा काढली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भ्रमणध्वनीवर संदेश आला की ‘प्रशासकीय कारणास्तव आसनव्यवस्थेत बदल करण्यात आल्यामुळे आपली काही तिकिटे रद्द करण्यात येत आहेत.’ कोणती, ते संदेशात नव्हते. भाच्याने खाते उघडून पाहिले तेव्हा १४ आणि १५ यांच्या क्यूआर कोडखाली हिरवी पट्टी होती, तर १६ आणि १७ यांच्याखाली लाल. अर्ज एक, कार्ड एक, पैसे एकाच वेळी कापलेले, आणि निम्मे कुटुंब वैध, निम्मे अवैध.

मी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. बराच वेळ त्यांचे संगीत ऐकल्यावर एका अत्यंत नम्र मुलीने मला सांगितले, ‘सर, रद्द करायच्या तिकिटांची निवड यादृच्छिक पद्धतीने झाली आहे.’ श्रोतेहो, यादृच्छिक म्हणजे निव्वळ योगायोगाने. ज्या माणसाने उभे आयुष्य यादृच्छिकता शिकवण्यात घालवले, त्याला हे वाक्य ऐकवणे म्हणजे हलवायाला साखर गोड असते असे सांगणे. मी तिला विचारले की एकूण किती तिकिटांमधून किती रद्द झाली, निवडीचे एकक अर्ज होता की आसन, आणि ही निवड कोणाच्या उपस्थितीत झाली. ती म्हणाली, ‘सर, ते सिस्टीमने केले आहे.’ मी म्हणालो, ‘मग सिस्टीमला फोन द्या.’ तिने तक्रार क्रमांक दिला. त्या मुलीवर माझा मुळीच राग नाही; तिलाही कोणी काही सांगितलेले नव्हते, आणि ज्यांना माहीत होते त्यांचा फोन लागत नव्हता.

अखेर मी आणि भाचा गेलो. मिरजेचे दोघे गेले नाहीत, आणि त्यांपैकी एकजण आज पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे रोखून पाहत आहेत. आम्ही आमच्या जागी बसलो. सामना सुरू झाल्यावर १६ आणि १७ या आसनांवर गळ्यात पास घातलेले दोन सद्गृहस्थ येऊन विसावले. मध्यंतराच्या थोडे आधी त्यांतल्या एकाने अतिशय सौजन्याने माझ्या भाच्याला विचारले, ‘आपले पांढरे की निळे?’ भाच्याने उत्तर दिले नाही. मी ‘पांढरे’ म्हणालो. तो गृहस्थ उरलेला वेळ निळ्यांच्या गोलाला टाळ्या वाजवत होता, तेव्हा त्याच्यावर माझ्या उत्तराचा काही परिणाम झाला असे म्हणता येत नाही. दोन तिकिटांचा परतावा यथावकाश आला, सुविधा शुल्क वजा करून. न झालेल्या प्रवेशाची ही सुविधा कोणाची होती, हे मी लेखी विचारले आहे. त्याचाही तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे.

मध्यंतरानंतरचा खेळ फार चांगला झाला, हेही सांगायला हवे. नाहीतर म्हणाल, हा माणूस मैदानावर जाऊन आसनांचे क्रमांकच पाहत बसतो.

अशी रद्द करण्याची सोडत जगातही झालेली आहे. युरो २०२० ही युरोपीय देशांची स्पर्धा कोरोनाच्या साथीमुळे २०२१ मध्ये खेळवली गेली. पहिल्या विक्रीच्या वेळी, २०१९ मध्ये, १५ लाख तिकिटांसाठी १ कोटी ९३ लाख तिकिटांची मागणी आली होती. पुढे एप्रिल २०२१ मध्ये डब्लिन आणि बिलबाओ ही शहरे यजमानपदावरून वगळली गेली. डब्लिनचे सामने सेंट पीटर्सबर्ग आणि लंडनला गेले, बिलबाओचे सेव्हिलला. इतर बहुतेक शहरांत प्रेक्षकसंख्येवर मर्यादा आली, आणि जिथे विकलेली तिकिटे नव्या मर्यादेपेक्षा जास्त होती, तिथे कोणाचे तिकीट टिकणार आणि कोणाचे जाणार हे पुन्हा सोडतीने ठरवले गेले. म्हणजे एकदा जिंकलेल्या माणसाला तीच बक्षिसाची वस्तू राखण्यासाठी दुसऱ्यांदा जिंकावे लागले. साथीचा इलाज कोणाच्या हाती नव्हता, हे मी मान्य करतो. खुर्च्या कमी झाल्या तर कोणीतरी बाहेर राहणारच. पण या दुसऱ्या सोडतीत हरलेल्याने विमान, हॉटेल आणि रजा यांवर आधीच खर्च केलेला असतो. पहिल्या सोडतीत हरलेल्याचा असा खर्च झालेला नसतो. दोघांना एकाच मापाने ‘तिकिटाची मूळ किंमत परत’ असे सांगणे हा हिशेबच चुकीचा आहे.

घरच्या अंगणातलेही एक उदाहरण आहे. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना २५ ऑक्टोबरला गुवाहाटीत व्हायचा होता. पावसाने मैदान खराब झाले आणि अवघे दोन दिवस आधी सामना कोलकात्याला हलवण्यात आला. गुवाहाटीकरांना पैसे परत मिळाले. हजारेक किलोमीटरवरच्या कोलकात्यात ऐन वेळी तिकिटांसाठी झुंबड उडाली आणि साठ हजारांहून अधिक लोकांनी इंग्लंडचा ३-१ असा विजय पाहिला. पावसाला दोष कोण देणार? पण आसामात पाऊस पडतो, ही माहिती २०१७ पूर्वीही उपलब्ध होती. पर्यायी मैदान कोणते आणि मूळ तिकीटधारकांना तिथे प्राधान्य मिळेल का, हे तिकिटाच्या पाठीमागे दोन ओळींत छापता आले असते.

तिकीट वैध राहूनही फसवणूक झाल्याची भावना कशी येते, ते आपल्या शेजारी गोव्यात दिसले. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाविरुद्ध रोनाल्डोचा सौदी संघ अल-नस्र हा सामना झाला आणि रोनाल्डो आलाच नाही. सामना ठरल्याप्रमाणे झाला, गोव्याने तो १-२ असा हरतानाही झुंज दिली, म्हणून तिथे परताव्याचा प्रश्न निघत नाही. कोलकात्यात १३ डिसेंबरला मेस्सीच्या भेटीत मात्र महागडी तिकिटे काढलेल्यांना त्याच्याभोवतीच्या मान्यवरांची पाठ तेवढी दिसली आणि पुढे खुर्च्या उडाल्या. खुर्च्या फेकण्याचे समर्थन मी करत नाही. पण तिथेही गळ्यातले पास होतेच, एवढी नोंद मी माझ्या संशोधनासाठी करून ठेवली आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘पाच मिनिटे’. ज्या गणितासाठी आपल्याला बोलावले, ते आता पाच मिनिटांत मांडतो.

सोडत उघड करणे अवघड नाही. अर्जांची मुदत संपली की प्रत्येक स्वीकृत अर्जाला क्रमांक द्यावा आणि नावे झाकून ती यादी प्रसिद्ध करावी. म्हाडाच्या घरांच्या सोडतीत स्वीकृत अर्जांची यादी सोडतीच्या आधी जाहीर होते, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. यादी गोठल्यानंतर, आणि नंतरच, सर्वांसमोर चेंडू उचलून एक मोठी संख्या तयार करावी. ती संख्या आधीच जाहीर केलेल्या गणिती कृतीत घातली की विजेत्यांचा क्रम बाहेर पडतो. कृती, यादी आणि संख्या तिन्ही उघड असल्याने सांगलीत बसलेला कोणताही विद्यार्थी तेच गणित पुन्हा करून पाहू शकतो आणि आपला क्रमांक का निघाला नाही, हे स्वतः तपासू शकतो. यादी आधी आणि संख्या नंतर, हा क्रम महत्त्वाचा. उलट केले तर हवी ती नावे हव्या त्या जागी बसवता येतात.

दुसरे, प्रत्येक सामन्याची किती तिकिटे सोडतीत आहेत आणि किती अर्जदारांनी ती मागितली, हे दोन आकडे द्यावेत. माणूस मग अंतिम सामन्यामागे धावायचे की एखादा गटसामना निवडायचा, हे डोळसपणे ठरवेल. तिसरे, तिकिटे रद्द करण्याची वेळ आली तर कोणाची आधी जाणार, हा नियम विक्रीपूर्वी लिहून द्यावा. त्यात पास आणि निमंत्रितांच्या जागा प्रथम कमी व्हाव्यात, एका अर्जातली तिकिटे एकत्र राहावीत किंवा एकत्र जावीत, आणि रद्द झालेल्यांना पुढच्या सामन्यात अग्रक्रम मिळावा. परतावा शुल्कासकट पूर्ण असावा. फेरविक्रीबद्दल बरेच बोलायचे होते. एवढेच सांगतो की २०२६ साठी फिफाच्या अधिकृत फेरविक्रीत विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून १५ टक्के कापले जातात. हजार डॉलरला फिरलेल्या तिकिटामागे तीनशे डॉलर फिफाकडे जातात, आणि तेच तिकीट पुन्हा फिरले तर पुन्हा जातात. तिकीट एकदाच आणि योग्य माणसाला जावे, यात मग कोणाचे हित उरते, याचा विचार आपण करावा.

आपल्या भागातल्या स्पर्धांचे संयोजकही इथे आहेत. त्यांना संगणकाची गरज नाही. मैदानाची क्षमता, विक्रीची तिकिटे आणि वाटलेले पास, हे तीन आकडे विक्री सुरू होण्याआधी तिकीट खिडकीशेजारी फळ्यावर लिहावेत, आणि पास वाढले तर आकडा खोडून नवा लिहावा, खोडलेला दिसेल असा. आता प्रश्न असतील तर घेतो. पहिला मिरजेकडून येणार, हे मला दिसतेच आहे.