सव्वा लाखावरून नव्वद हजारांवर

बेसबॉलच्या फलंदाजाचे मोजमाप बहुतेक वेळा एकाच आकड्यावरून होते. दहा प्रयत्नांत तीनदा चेंडू मोकळ्या जागेत मारून त्याने बेस गाठला, तर त्याची सरासरी ०.३०० भरते, आणि एवढी सरासरी वर्षानुवर्षे टिकवणारा फलंदाज या खेळात थोर मानला जातो. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाचा डावखुरा फलंदाज टेड विल्यम्स १९३९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये आला. तेव्हापासून १९५८ पर्यंत एकाही मोसमात त्याची सरासरी ०.३०० च्या खाली गेली नव्हती. १९४१ साली तर ती ०.४०६ होती, आणि त्यानंतर आजवर अमेरिकन लीग किंवा नॅशनल लीग या मेजर लीगच्या दोन भागांतल्या एकाही फलंदाजाला पूर्ण मोसमात ०.४०० पर्यंत पोहोचता आलेले नाही. ऐन उमेदीतली जवळजवळ पाच वर्षे त्याने सैन्यात घालवली होती. दुसऱ्या महायुद्धात तीन मोसम गेले, आणि पुढे कोरियाच्या युद्धात मरीन दलाचा वैमानिक म्हणून आणखी दोन मोसमांचा बराचसा भाग गेला. तिथे गोळीबारात सापडून पेट घेतलेले आपले विमान त्याने चाकांविना धावपट्टीवर उतरवले आणि तो जिवंत परतला. १९५८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला.

पुढच्याच वर्षी मान आखडली. १९५९ चा मोसम सुरू होण्यापूर्वी, सराव चालू असताना त्याच्या मानेतली एक नस दबली. डावखुरा फलंदाज उजवा खांदा पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, करून उभा राहतो आणि चेंडू दोन्ही डोळ्यांनी नीट दिसावा म्हणून त्याला मान उजवीकडे वळवावी लागते. विल्यम्सची सगळी कला त्या पाहण्यावर उभी होती, कारण चेंडू नक्की कुठून येणार आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय तो बॅट हलवत नसे. आता ती मानच वळत नव्हती. मानेला पट्टा बांधून त्याने काही आठवडे काढले, मे महिन्यात तो मैदानात उतरला, आणि मोसम संपला तेव्हा १०३ सामन्यांत त्याच्या नावावर ०.२५४ ची सरासरी आणि दहा होमरन होते. क्रिकेटच्या षटकारासारखा चेंडू थेट कुंपणापार धाडणारा होमरन हीच ज्याची ओळख होती, त्याला सबंध मोसमात तो फटका दहाच वेळा साधला.

संघाचे मालक टॉम यॉकी यांचा विल्यम्सवर लोभ होता आणि त्यांनी त्याला आजवर कधी पैशांवरून अडवले नव्हते. मोसम संपल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतले आणि आता थांबावे, असे सुचवले. एकेचाळीस वर्षांच्या खेळाडूला मालकाने दिलेला हा सल्ला आपुलकीचा होता याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. विल्यम्सला तो लागला. आपण संपलो आहोत हे आपण ठरवू, दुसऱ्या कोणी आपल्याला सांगू नये, ही भावना त्याने पुढे स्वतःच बोलून दाखवली. मान बरी झाली तर आपल्याला अजून खेळता येईल, असे त्याला मनापासून वाटत होते, आणि ०.२५४ हा आपल्या नावापुढचा अखेरचा आकडा राहावा हे त्याला सोसणारे नव्हते.

असाच पेच काही वर्षांपूर्वी त्याच्या तोलाच्या दुसऱ्या एका खेळाडूपुढे पडला होता. न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमॅजिओ १९५१ साली सदतीस वर्षांचा होता, टाचेच्या आणि खांद्याच्या दुखण्यांनी त्याला ग्रासले होते, आणि त्या मोसमात त्याची सरासरी ०.२६३ वर आली होती. क्लबने पुढच्या वर्षासाठी त्याच्यापुढे पूर्वीइतकाच, म्हणजे एक लाख डॉलरचा करार ठेवला. त्याने तो नाकारला आणि ११ डिसेंबर १९५१ रोजी निवृत्ती जाहीर केली. त्याच्याकडे कोणी कमी पैसे घे म्हणून आले नव्हते, पूर्ण पैसे देऊ केले होते. पूर्वीसारखे खेळता येत नसताना पूर्वीसारखे पैसे घेऊन मैदानात उभे राहायचे, हे त्याला मानवले नाही. त्याच्या मागे दोन महिन्यांपूर्वीच जिंकलेली वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, होती आणि जाण्यासाठी याहून चांगली वेळ मिळाली नसती, हेही लक्षात घेतले पाहिजे. विल्यम्सच्या मागे पाचव्या क्रमांकावर राहिलेला संघ आणि दुखरी मान होती.

नव्या करारासाठी विल्यम्स १९६० च्या सुरुवातीला क्लबच्या कार्यालयात गेला, तेव्हा कारभारी डिक ओकॉनेल यांनी आदल्या वर्षीचाच आकडा घालून कागद तयार ठेवला होता. तो आकडा होता सव्वा लाख डॉलर. मेजर लीगमधला किमान पगार त्या काळी वर्षाला सहा हजार डॉलर होता, यावरून सव्वा लाखाचे वजन ध्यानात येईल. विल्यम्सने सही केली नाही. गेल्या वर्षी आपण या पैशांइतके खेळलो नाही, तेव्हा पगार कमी करा, आणि नियमाने जेवढा कमी करता येईल तेवढा करा, असे त्याने सांगितले. करार अखेर नव्वद हजार डॉलरला झाला. म्हणजे पस्तीस हजारांची, शेकडा अठ्ठावीस इतकी कपात. १९४६ पासून क्लबला एका वर्षात खेळाडूचा पगार शेकडा पंचवीसपेक्षा जास्त उतरवता येत नसे. खेळाडूंच्या रक्षणासाठी केलेल्या त्या मर्यादेच्याही पलीकडे हा खेळाडू आपणहून गेला होता.

या घटनेकडे निव्वळ विनयाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते मला अपुरे वाटते. विल्यम्स विनयशील म्हणून कधीच ओळखला गेला नाही. बोस्टनच्या वार्ताहरांशी त्याचे वर्षानुवर्षे वैर होते. प्रेक्षकांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी टोपी उचलून अभिवादन करायचे त्याने तरुणपणीच सोडले होते, आणि १९५६ मध्ये प्रेक्षकांच्या दिशेने थुंकल्याबद्दल त्याला पाच हजार डॉलरचा दंड झाला होता. हा माणूस स्वतःला लहान समजत नव्हता. आपल्या कामाची किंमत आपल्याइतकी नेमकी दुसऱ्या कोणाला कळत नाही, असे तो मानत होता आणि ती किंमत वाढती असताना त्याने पुरेपूर घेतली होती. ती घटली तेव्हाही आकडा त्यानेच सांगितला. मालकाने कपात सुचवली असती, तर तो त्या दिवशी सही न करता घरी गेला असता, असे त्याचा स्वभाव पाहता मला वाटते.

त्या काळातला आणखी एक भाग ध्यानात घ्यायला हवा. करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू त्याच क्लबचा बांधलेला असे, आणि क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. हे कलम १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवादाच्या निर्णयाने मोडले. म्हणजे १९६० साली विल्यम्सपुढे बोस्टन किंवा घर, हे दोनच रस्ते होते. सेंट लुईस कार्डिनल्सचा स्टॅन म्युझियल हाही तेव्हा तशाच वळणावर होता. १९५९ साली त्याची सरासरी ०.२५५ झाली होती, आणि त्यानेही आपला पगार कमी करून घेतला. पुढे १९६२ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, त्याने ०.३३० ची सरासरी राखली.

१९६० च्या मोसमाचा रेड सॉक्सचा पहिला सामना १८ एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये झाला. समोर कॅमिलो पास्क्युअल हा त्या काळातला अत्यंत अवघड पिचर होता. मोसमातल्या आपल्या पहिल्याच संधीला विल्यम्सने त्याचा चेंडू कुंपणापार घालवला. तो त्याचा ४९३ वा होमरन होता आणि त्याने लू गेरिगची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी बोस्टनला, फेनवे पार्कवर, त्याने गेरिगला मागे टाकले. १७ जूनला क्लीव्हलंडमध्ये पाचशेवा होमरन आला. त्याच मोसमात त्याने मेल ऑटच्या ५११ चा टप्पा ओलांडला, आणि आता त्याच्या पुढे बेब रूथ आणि जिमी फॉक्स एवढे दोघेच उरले. २ सप्टेंबरला त्याने वॉशिंग्टनच्या डॉन ली या तरुण पिचरला होमरन मारला. या डॉनच्या वडिलांना, थॉर्नटन ली यांना, त्याने १९३९ साली, आपल्या पहिल्या मोसमात असाच फटका मारला होता.

एवढे सगळे त्याने रोज न खेळता केले. त्या वर्षी तो ११३ सामन्यांत उतरला, बाकीच्या दिवशी शरीराला विश्रांती दिली. तरुणपणी सामना सोडणे ज्याला रुचत नसे, त्याने पगाराबरोबर खेळण्याचे दिवसही कमी करून घेतले होते, आणि माझ्या मते त्या मोसमाचे यश या दुसऱ्या कपातीत जास्त आहे. मोसमाअखेर सरासरी ०.३१६ आणि होमरन २९ झाले. संघ मात्र सातव्या क्रमांकावर राहिला.

मोसम संपत आला तेव्हा निवृत्ती जाहीर झाली. २८ सप्टेंबर १९६०, बुधवार. हवा थंड आणि कुंद होती, आणि फेनवे पार्कवर १०,४५४ प्रेक्षक आले होते. सामन्यापूर्वी छोटासा समारंभ झाला, विल्यम्स थोडके बोलला आणि त्यातही त्याने वार्ताहरांना टोला दिला. बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध पहिल्या संधीला त्याला चार वाईट चेंडूंवर बेस मिळाला. नंतरचे दोन्ही फटके झेलले गेले, आणि त्यांतला दुसरा उजवीकडच्या कुंपणाजवळ जाऊन क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावला, कारण त्या दमट हवेत चेंडू पुढे जात नव्हता. आठव्या इनिंगमध्ये समोर जॅक फिशर हा एकवीस वर्षांचा पिचर होता. पहिला चेंडू बाहेर गेला. दुसऱ्यावर विल्यम्सने जोराने बॅट फिरवली आणि तो हुकला. फिशरने तिसरा चेंडूही वेगाचाच टाकला, आणि तो उजव्या-मधल्या कुंपणापलीकडे राखीव पिचरांच्या जागेत जाऊन पडला. ५२१ वा होमरन. विल्यम्स मान खाली घालून, नेहमीच्या वेगाने सगळ्या बेसवरून धावला आणि डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेत शिरला. प्रेक्षक त्याला हाका मारत राहिले, सहकारी आणि पंच विनवत राहिले, पण तो बाहेर आला नाही आणि त्याने टोपी उचलली नाही. संघाचे तीन सामने न्यूयॉर्कमध्ये उरले होते. तिकडे तो गेलाच नाही.

आजच्या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जाण्याची मोकळीक आहे, तरी हा पेच सुटलेला नाही. यांकीजचा बर्नी विल्यम्स पोर्तो रिकोमधून आला, १९९१ पासून एकाच संघाकडून खेळला, त्याने चार वर्ल्ड सीरिज जिंकल्या आणि १९९८ साली ०.३३९ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर त्याला सात वर्षांसाठी आठ कोटी पंच्याहत्तर लाख डॉलरचा करार मिळाला. २००५ मध्ये सरासरी ०.२४९ वर आली, आणि क्लबने पुढच्या वर्षासाठी पंधरा लाख डॉलर देऊ केले. दहा वर्षे मिरवलेली सेंटर फील्डची, म्हणजे मैदानाच्या मधल्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करण्याची जागा दुसऱ्याकडे गेली होती. बर्नीने ते मान्य केले, मिळेल त्या जागी तो उभा राहिला, आणि २००६ मध्ये त्याने १३१ सामन्यांत ०.२८१ ची सरासरी राखली.

२००७ साठी मात्र त्याच्यापुढे मायनर लीगचा, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघांचा करार ठेवण्यात आला, आणि सराव शिबिरात येऊन संघात जागा मिळवण्यास सांगण्यात आले. सोळा मोसम त्याच मैदानावर खेळलेल्या, अडतीस वर्षांच्या खेळाडूने पुन्हा चाचणी द्यायची होती. बर्नीने एकदा पैसे सोडले होते आणि जागाही सोडली होती. हे त्याने स्वीकारले नाही. शिबिराला तो गेला नाही आणि दुसऱ्या संघाशीही त्याने करार केला नाही. क्लबचा व्यवहार चूक म्हणता येणार नाही, कारण संघ निवडताना जुने उपकार मोजायचे नसतात. पण स्पष्ट नकार देण्याऐवजी त्याला उमेदवारांच्या रांगेत उभे राहायला सांगितले, यात मला त्याचा अनादर दिसतो, आणि जे टेड विल्यम्सला मिळाले ते बर्नीला नाकारले गेले असे वाटते. टेडला आपला आकडा स्वतः सांगता आला होता. बर्नी निवृत्तही झाला नाही आणि खेळलाही नाही. निवृत्तीच्या कागदावर त्याने सही केली ती २०१५ च्या एप्रिलमध्ये, आणि महिन्याभराने यांकीजने त्याचा ५१ क्रमांक कायमचा राखून ठेवला.