चिमटा उचलण्यापूर्वी

मित्रहो, प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये न बोलावता आलेले समुद्री स्लग, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी, कसे ओळखावेत, हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका प्राण्याची बाजू मांडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो प्राणी म्हणजे स्टोमाटेला.

गिरगावातील एका स्नेह्यांनी टँकमध्ये नवा लाइव्ह रॉक, म्हणजे जीव वसलेला समुद्री दगड, ठेवला. काही आठवड्यांनी, रात्री दिवे मालवले की काचेवर गडद रंगाचे, मऊ अंगाचे, बोटाच्या पेराएवढे जीव चपळाईने फिरताना दिसू लागले. रॉक विकणाऱ्या दुकानात विचारले, तेव्हा 'स्लग आहेत, दिसतील तेवढे काढून टाका' एवढेच उत्तर मिळाले. मग रोज रात्री टॉर्च आणि चिमटा घेऊन त्यांची मोहीम सुरू झाली. पकडताच तो जीव शेपटीचा तुकडा मागे टाकून निसटे, त्यामुळे त्यांचा संशय अधिकच पक्का होई. अखेर एक जीव वाटीत घालून ते माझ्याकडे आले. भिंगाखाली पाहिले, तर त्याच्या पाठीवर कानाच्या आकाराचा लहानसा चपटा शंख होता, अंगाच्या घडीने बराचसा झाकलेला. तो स्लग नव्हताच. लहान शंखाची ती गोगलगाय होती. ती प्रवाळाच्या वाटेला जात नाही, काचेवरचे आणि दगडावरचे शेवाळ खाते, टँकमध्ये आपोआप वाढते, आणि शेपूट टाकणे ही तिची बचावाची रीत आहे. जिला पैसे मोजून आणावे, तिलाच लोक वेचून मारतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. विकणाऱ्याने दोन वाक्ये अधिक सांगितली असती, तर हे टळले असते.

हे घडते, कारण आपण रंग पाहून फोटोशी जुळवू लागतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की आधी तो जीव कशावर बसला आहे ते पाहावे. बहुतेक स्लग खाण्याच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ असतात. कित्येक जाती एकाच प्रकारच्या भक्ष्यावर जगतात, आणि त्यांचा रंग पुष्कळदा त्या भक्ष्यातूनच येतो. ओहोटीला कार्टर रोडच्या खडकांवर जाऊन, कशालाही हात न लावता, स्लग कशाजवळ सापडतो एवढेच पाहिले तरी नजर तयार होते. परदेशी टँकमधील माँटिपोरा हा कठीण प्रवाळ खाणारा स्लग हौशी लोकांना अनेक वर्षे ठाऊक होता. शास्त्रीय नाव त्याला २०२० साली मिळाले, फेस्टिला सबओडिओसा. भक्ष्यावरून झालेली ओळख अशी नावाच्याही आधी उपयोगी पडते. आपल्याकडे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत, म्हणून मी झोअँथिड (फुलासारखे दिसणारे, झुबक्याने वाढणारे प्रवाळाचे भाईबंद) आणि मऊ प्रवाळांच्या टँकपुरतेच बोलतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. डोक्यावर स्पर्शिका नाहीत, अंग कागदासारखे चपटे आणि मागे शेपटीसारखी टोके, तर तो चपटकृमी समजावा; ते फार झाले असतील तर एकदम मारू नयेत, कारण मरताना ते विष सोडतात. ब्रायोप्सिससारख्या शेवाळावर बसलेला हिरवा स्लग पेशींतील रस शोषतो आणि त्यातील हरितलवके अंगात साठवतो. प्रवाळाला त्याचा त्रास नाही, त्याला फक्त पंपाच्या तोंडापासून जपावे. पाठीवर बोटांसारख्या उपांगांची दाटी असलेला पांढरट बर्घिया स्लग एप्टेशिया हे टँकमध्ये तणासारखे माजणारे समुद्रफूल खातो आणि ते संपले की उपाशी मरतो. तशाच उपांगांचा, पण झोअँथिडच्या पाकळ्यांचाच रंग ल्यालेला स्लग मिटलेल्या पॉलिपांमध्ये, म्हणजे झोअँथिडच्या एकेका फुलासारख्या जीवांमध्ये, दिसला, तर मात्र तो शत्रू आहे. त्या फ्रॅगला, म्हणजे लावलेल्या तुकड्याला, डिप द्यावा, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावात बुडवून काढावे, प्लगची (तो तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो त्या चकतीची) खालची बाजू उलटून पाहावी आणि तेथील पांढऱ्या अंड्यांची वेटोळी खरवडून काढावीत. डिपने स्लग मरतात, अंडी तगतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने डिप पुन्हा द्यावा.