कोळंबीच्या तळ्यात टाकलेलं अँटिबायोटिक जातं कुठे?

नमस्कार! मी उभी आहे गोव्यातल्या चोडण बेटावर, खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीच्या बांधावर. मागे दिसतंय ते कोळंबीचं तळं आणि ही लाकडी फळ्यांची मानस, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार. भरतीला इथून पाणी आत येतं, ओहोटीला परत मांडवी नदीत जातं. म्हणजे तळ्यात जे काही घालाल, ते तळ्यापुरतं राहत नाही.

आता समजा, सुंगटं, म्हणजे कोळंबी, मरायला लागली. कवचावर पांढरे ठिपके. पैसे अडकलेले असतात, जीव घाबरतो आणि कुणीतरी सांगतं म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळलं जातं. पण हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. अँटिबायोटिक विषाणूला मारतच नाही!

मग ते करतं काय? आजारी कोळंबी खाणं सोडते, त्यामुळे औषधाचं खाद्य तळाशी बसतं. खाल्लेल्यातलंही बरंच विष्ठेतून बाहेर पडतं. तळाच्या गाळात औषधाची सौम्य मात्रा साचून राहते. त्या मात्रेत कमकुवत जीवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच्या पुढच्या टप्प्याची. जीवाणूंकडे प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळं असतात. औषधाला दाद न देण्याचा गुण त्यावर असेल, तर एक जीवाणू तो शेजारच्याला देऊ शकतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जीवाणूलासुद्धा. व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकस हा जीवाणू घ्या. त्याची काही वाणं विष बनवून कोळंबीची पिल्लं झपाट्याने मारतात आणि ते विष बनवणारी जनुकंही प्लास्मिडवरच असतात. याच जातीची दुसरी वाणं माणसाला जुलाब करतात. गाळात हे सगळे शेजारी राहतात.

सुंगटं खायची की नाही? खुशाल खा. नीट शिजवली की जीवाणू मरतात. कच्ची सुंगटं ज्यावर साफ केली ती सुरी आणि पाट मात्र लगेच धुवा. हाताला जखम असेल तर तळ्यात उतरू नका.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिक्सवर आपल्याकडे कोळंबीपालनात २००२ पासून बंदी आहे. पण नुसत्या बंदीने शेतकऱ्याचं तळं वाचत नाही, त्याला दुसरा उपाय हातात हवा. दोन पिकांमध्ये तळं भेगा पडेपर्यंत वाळवा, काळा गाळ काढा, चुना मारा. बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, पीसीआर तपासणी (रोगाचं जनुकीय द्रव्य शोधणारी लॅबची चाचणी) केलेलंच घ्या. आणि मर दिसली की आधी मानस बंद करा, नमुना लॅबला द्या. रोग पांढऱ्या ठिपक्यांचाच निघाला, तर ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केल्याशिवाय ते पाणी नदीत सोडू नका.